छोट्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजात वाद्य शिकवायचे म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न असा आहे. नाशिकला लहानपणी मांडी घालून हिंदुस्तानी व्हायोलिन शिकलेले, पुढे पाश्चात्त्य पद्धतीकडे वळलेले आणि अमेरिकेतल्या एका कॉन्झर्व्हेटरीतून (व्यावसायिक वादक-गायक घडवणाऱ्या संगीत विद्यालयातून) नुकतेच मास्टर्स पूर्ण केलेले एक तरुण वादक लिहितात की, मध्य-पश्चिमेतल्या सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांच्या एका लिबरल आर्ट्‌स कॉलेजातून त्यांना व्हायोलिन आणि व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, खालच्या सुरांचे वाद्य) शिकवण्याच्या पूर्णवेळ जागेसाठी मुलाखतीचे बोलावणे आले आहे. तिथले बहुतेक विद्यार्थी संगीतात पदवी घेणार नाहीत, ऑर्केस्ट्रा जेमतेम चाळीस जणांचा आहे. अशा ठिकाणी गेल्याने स्वतःचा हात बिघडेल का, उमेदीची वर्षे वाया जातील का, आणि मुळात तिथे शिकवायचे तरी काय, असे त्यांनी विचारले आहे.

मी आयोवा राज्यातल्या अशाच एका कॉलेजात १९ वर्षे व्हायोलिन आणि व्हायोला शिकवते आहे, शिवाय तिथला छोटा तंतुवाद्यवृंद सांभाळते. तुमची वर्षे वाया जाणार नाहीत असे मी खात्रीने सांगू शकते, पण त्याला एक अट आहे. कॉन्झर्व्हेटरीत तुम्हाला ज्या रीतीने शिकवले गेले तीच रीत जशीच्या तशी तिथे नेलीत, तर मात्र ती वाया जातील, आणि तुमच्याबरोबर मुलांचीही जातील. हे मी अनुभवाने सांगते. पहिल्या वर्षी माझ्याकडे चौदा विद्यार्थी होते आणि मला जसे शिकवले गेले त्याप्रमाणे मी सगळ्यांच्या हाती क्रॉयत्झरचे ४२ अभ्यास, म्हणजे निव्वळ तंत्राच्या सरावाचे तुकडे, दिले. ऑक्टोबर सरेपर्यंत चौघांनी व्हायोलिन सोडले होते. त्यांच्यातली एक मुलगी पुढे चार वर्षे मला कॉलेजच्या आवारात भेटत राहिली, प्रत्येक वेळी हसून बोलायची, पण पुन्हा तिने वाद्य हाती घेतले नाही. त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण तिचा कान फार चांगला होता.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आपल्याकडे 'आर्ट्‌स कॉलेज' म्हटले की कला शाखा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजात गणित, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, संगीत हे सगळे एकाच छपराखाली असते, विद्यार्थी चार वर्षे वसतिगृहात राहतो आणि मुख्य विषय कोणता घ्यायचा हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत ठरवतो. संगीतातली बी. ए. घेतली तरी त्याच्या एकूण अभ्यासक्रमात संगीताचा वाटा साधारण एक तृतीयांशाच्या आसपास असतो. तुम्ही ज्या वातावरणातून येत आहात त्या बॅचलर ऑफ म्युझिक पदवीत तोच वाटा जवळजवळ दोन तृतीयांश असतो. ओहायोतले ओबर्लिन किंवा विस्कॉन्सिनमधले लॉरेन्स यांसारख्या ठिकाणी कॉलेज आणि कॉन्झर्व्हेटरी शेजारी शेजारी नांदतात, आणि पाच वर्षांत दोन्ही पदव्या घेण्याची सोय असते. मिनेसोटातले सेंट ओलाफ किंवा आयोवातले ल्यूथर यांना नॉर्वेजियन स्थलांतरितांच्या चर्चगायनातून आलेली मोठी परंपरा आहे, आणि तिथे रसायनशास्त्राचा विद्यार्थी ऑर्केस्ट्रात पहिल्या बाकावर बसलेला दिसणे यात कोणालाच नवल वाटत नाही. पण बहुसंख्य कॉलेजे या दोन्ही प्रकारांत बसत नाहीत. तिथे संगीत विभागात पाच-सहा पूर्णवेळ प्राध्यापक, दहा-बारा तासिका तत्त्वावरचे शिक्षक आणि वर्षाला मूठभर संगीताचे पदवीधर असा संसार असतो. तुम्हाला आलेले बोलावणे बहुधा अशाच ठिकाणाहून असावे.

आता तिथल्या वेळेचा हिशोब मांडा, कारण माझे पुढचे सगळे म्हणणे त्यावर उभे आहे. संगीत मुख्य विषय नसलेला विद्यार्थी बहुतेक वेळा आठवड्याला ३० मिनिटांची शिकवणी घेतो. सेमिस्टर साधारण १४ आठवड्यांचे धरले तर सात तास होतात. तो चारही वर्षे टिकला, एकही आठवडा बुडवला नाही, तरी आठ सेमिस्टर मिळून ५६ तास. तुमच्याकडे त्याच्यासाठी एवढेच आहे. त्यातले पाच-सात तास तारा जुळवण्यात, वही शोधण्यात आणि प्रयोगशाळेतून धापा टाकत येणाऱ्या मुलाला श्वास घेऊ देण्यात जातील. आपल्याकडे गुरूकडे रोज जाऊन बसणारा शिष्य तेवढे तास दोन महिन्यांत भरून काढतो. ५६ तासांत तुम्ही कोणाचा हात घडवू शकत नाही. हात घडतो तो उरलेल्या वेळात, सरावाच्या खोलीत, तुम्ही समोर नसताना. त्यामुळे तुम्ही शिकवायचे ते मुख्यतः हे की, एकट्याने रियाज कसा करायचा. बाकी सगळे त्याच्या मागून येते.

एक प्रसंग सांगते. जीवशास्त्र शिकणारी तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी बाखच्या ए मायनर कॉन्चेर्टोचा पहिला भाग वाजवत होती. पहिल्या पोझिशनमधून तिसऱ्या पोझिशनमध्ये, म्हणजे डावा हात तारेवर एका जागेवरून वरच्या जागेवर नेताना, दर वेळी तिचा सूर खाली लागायचा. 'खोलीत वाजवताना येत होतं,' ती म्हणाली. हे वाक्य तुम्ही आयुष्यभर ऐकणार आहात. मी तिला दुरुस्त केले नाही. खुर्ची कोपऱ्यात ओढून बसले आणि म्हणाले, मी इथे नाही असे समज आणि दहा मिनिटे नेहमीसारखा सराव कर. तिने सुरुवातीपासून वाजवायला घेतले, त्या जागी अडली, मान हलवली, पुन्हा सुरुवातीपासून. दहा मिनिटांत तिने सुरुवातीच्या ओळी, ज्या तिला उत्तम येत होत्या, सात वेळा वाजवल्या आणि ती अवघड उडी सातही वेळा चुकीची घेतली. म्हणजे तिने त्या दहा मिनिटांत चुकीचाच रियाज पक्का केला होता. मी माझ्या कागदावर मारलेल्या सात रेघा तिला दाखवल्या तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग आम्ही फक्त दोन सूर घेतले, उडीच्या आधीचा आणि नंतरचा. गज बाजूला ठेवला. नुसता डावा हात व्हायोलिनच्या मानेवरून वर-खाली सरकवून पाहिला तेव्हा दिसले की, बोटे वर जात होती पण अंगठा जागचा हलत नव्हता, जणू तो मानेला चिकटवलेला होता. हात ताणला जाऊन बोट अर्ध्या वाटेवरच टेकत होते, म्हणून सूर खाली. अंगठा सैल सोडून, बोटाचा भार निम्मा करून, तारेवरून नुसते घासत नेले तेव्हा हात आपोआप पोहोचला. मग गज घेऊन संथ लयीत तेवढेच दोन सूर, मग आधीचा एक जोडला, मग नंतरचा एक. अर्धा तास संपला तेव्हा आम्ही चार सुरांच्या पुढे गेलो नव्हतो. पुढच्या आठवड्यात ती आली ती त्याच रीतीने आणखी तीन जागा स्वतः सोडवून. ज्या दिवशी विद्यार्थी मला न विचारता अडलेली जागा शोधतो, तिचे कारण ओळखतो आणि तिच्यावर उपाय करतो, त्या दिवशी माझे त्याच्यापुरते मोठे काम झालेले असते. त्यानंतर तो डॉक्टर होवो की वकील, चाळिशीत व्हायोलिन पुन्हा काढायचे ठरवले तर त्याला माझी गरज लागत नाही.

तुमच्यापुढे येणारी मुले ढोबळमानाने दोन वाटांनी आलेली असतील. काही सुझुकी पद्धतीने चौथ्या-पाचव्या वर्षापासून शिकलेली असतात. त्यांचा कान तयार असतो, पाठांतर चोख असते, पण नवा कागद समोर ठेवला की ती चाचपडतात. दुसरी सरकारी शाळांच्या वाद्यवर्गातून येतात, जिथे पाचवी-सहावीत तीस मुलांना एकाच वेळी व्हायोलिन धरायला शिकवलेले असते. ही मुले कागद झरझर वाचतात, वृंदात मिसळून जातात, पण एकटे वाजवायला सांगितले की सुराची खात्री नसते आणि गजाचा हात कोपरापासून आखडलेला असतो. पहिल्या प्रकारच्या मुलांना मी दर आठवड्याला एक सोपे, न पाहिलेले द्वंद्ववादन माझ्याबरोबर वाजवायला लावते. दुसऱ्या प्रकारच्यांना आधी गायला लावते.

गाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे तुमचे नाशिकचे दिवस तुमच्या उपयोगी पडतील. आपल्याकडे वाद्य शिकणाऱ्यालाही आधी गळ्यातून काढायला सांगतात. गळ्यात नाही ते हातात येत नाही हे आपण इतके गृहीत धरतो की ते निराळे शिकवावे लागते हेच आपल्या लक्षात येत नाही. अमेरिकेतली वाद्य वाजवणारी मुले मात्र गायला फार लाजतात. पहिल्या दोन आठवड्यांत कोणीच तोंड उघडत नाही. मी काय करते, तर तानपुऱ्याचा षड्ज लावून ठेवते, स्वतः आधी गाते, आणि मग त्यांच्याकडून फक्त एक ओळ, बारीक आवाजात, डोळे मिटून गाऊन घेते. त्यानंतर तीच ओळ व्हायोलिनवर घेतली की सूर सुधारलेला त्यांना स्वतःलाच ऐकू येतो. स्थिर षड्जावर स्वरसप्तक संथ वाजवण्याचा हा सराव मी सगळ्यांकडून करून घेते, आणि जी मुले इलेक्ट्रॉनिक ट्यूनरच्या काट्याकडे डोळे लावून वाजवत आलेली असतात, त्यांना त्याने सर्वांत जास्त फरक पडतो. काटा डोळ्यांना सांगतो, षड्ज कानाला सांगतो. व्हायोलिनला पडदे नाहीत, तेव्हा शेवटी कानच तयार करावा लागतो.

आता वृंदाकडे वळते, कारण कॉलेजाचे तुमच्याकडून खरे मागणे तिथे असते आणि मुलांच्या आठवणीतही तेच राहते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑडिशन होतात आणि त्या वर्षी आपल्या हाती काय आले ते कळते. अकरा बासऱ्या, तीन सॅक्सोफोन, एक ओबो, बॅसून एकही नाही (ही दोन्ही लाकडी फुंकवाद्ये), सेलो तीन, व्हायोला दोन. व्यावसायिक ऑर्केस्ट्रा आधी रचना ठरवतो आणि मग वादक बोलावतो. इथे आधी वादक पाहायचे आणि त्यांना शोभेल अशी रचना शोधायची. ज्या वर्षी ओबो वाजवणारी मुलगी पदवी घेऊन निघून जाते त्या वर्षी कपाटातल्या निम्म्या रचना आपोआप बाद होतात. दुपारी एक ते पाच प्रयोगशाळा असतात, साडेचारला मैदानावर सराव सुरू होतो, आणि या दोन्हींतून उरलेली फट शोधून तुम्हाला तालीम लावायची असते. यावर चिडण्यात अर्थ नाही. हे त्या जागेचे स्वरूपच आहे, आणि ज्या मुलाला एकाच दिवशी धावणे, सूक्ष्मदर्शक आणि व्हायोला हे तिन्ही हवे आहे त्याला ते मिळावे यासाठीच ते कॉलेज काढलेले आहे.

अशा वृंदासाठी रचना कमी नाहीत, कारण मोठमोठ्या रचनाकारांनी हौशी आणि शिकाऊ वादकांसाठी मनापासून लिहिले आहे. शुबर्टची पाचवी सिम्फनी घ्या. १८१६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याने ती लिहिली ती व्हिएन्नातल्या एका घरी जमणाऱ्या हौशी वृंदासाठी, ज्यात तो स्वतः व्हायोला वाजवत असे. तिच्यात क्लॅरिनेट नाहीत, ट्रम्पेट नाहीत, नगारे नाहीत. एक बासरी, दोन ओबो, दोन बॅसून, दोन हॉर्न आणि तंतुवाद्ये एवढेच. मोत्सार्टच्या एकोणतिसाव्या सिम्फनीला तर तंतुवाद्यांखेरीज दोन ओबो आणि दोन हॉर्न पुरतात. बॅसून नसेल तर मी तो भाग बेस क्लॅरिनेटसाठी उतरवून देते, दुसरा ओबो नसेल तर चांगल्या बासरीवादकाला देते, आणि असे करताना मला कधीही अपराधी वाटलेले नाही. व्हिवाल्डीला १७०३ मध्ये व्हेनिसच्या पिएता या अनाथ मुलींच्या संस्थेत व्हायोलिनचा शिक्षक म्हणून नेमले होते आणि समोर ज्या मुली होत्या त्यांना धरूनच तो लिहीत होता.

माझा सर्वांत जवळचा आदर्श मात्र इंग्रज रचनाकार गुस्ताव होल्स्ट आहे. मराठी वाचकाला त्याची ओळख आणखी एका कारणाने असायला हवी: ऋग्वेदातल्या सूक्तांचे स्वतः भाषांतर करता यावे म्हणून तो संस्कृत शिकला, आणि महाभारतातल्या सावित्रीच्या कथेवर त्याने एक छोटा ऑपेराही लिहिला. हा माणूस १९०५ पासून १९३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत लंडनमधल्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये संगीत शिकवत होता. त्या शाळेच्या वृंदासाठी त्याने 'सेंट पॉल्स सूट' लिहिला. त्याच्या शेवटच्या भागात व्हायोलिनवर एक जुनी धावती नृत्यधून ६/८ मध्ये चाललेली असते आणि मध्येच सेलोवर 'ग्रीनस्लीव्ह्‌ज' ही संथ लोकधून ३/४ मध्ये अवतरते. दोन्हींत एका खंडात सहाच ठोके, पण वर तीन-तीनचे दोन गट आणि खाली दोन-दोनचे तीन. मी तालमीत वाद्ये खाली ठेवायला लावते. अर्धा वृंद 'एक-दोन-तीन, एक-दोन-तीन' टाळी देतो, अर्धा 'एक-दोन, एक-दोन, एक-दोन'. पहिल्यांदा सगळा गोंधळ होतो. पाचव्या-सहाव्या खेपेला दोन्ही टाळ्या एकमेकींत बसतात आणि चेहऱ्यांवर जे दिसते ते पाहण्यासाठी मी ही रचना दर चार वर्षांनी लावते, म्हणजे कोणताही विद्यार्थी तिच्यावाचून बाहेर पडत नाही. शाळेत शिकवणाऱ्या माणसाने आपल्या समोरच्या मुलींसाठी लिहिलेली ही रचना आज जगभरचे व्यावसायिक वृंद वाजवतात.

व्हायोलाचा प्रश्न वेगळा लिहायला हवा. प्रत्येक छोट्या कॉलेजात व्हायोलिनवाले भरपूर आणि व्हायोलावाले दोन असतात. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या ज्या व्हायोलिनवादकाचा हात लांब आहे आणि ज्याला गर्दीतल्या मधल्या सुरात रस आहे, त्याला विभागाचा व्हायोला द्या. आल्टो क्लेफ, म्हणजे व्हायोलाची वेगळी स्वरलिपी-खूण, वाचायला साधारण एक सेमिस्टर लागते. गजाचा भार बदलावा लागतो, कारण जाड तार सावकाश बोलते. पण त्याला शिक्षा झाली असे वाटू देऊ नका. मी अशा मुलांना उन्हाळ्याच्या आधी एकदा गाडीत घालून आयोवातल्याच स्पिलव्हिल गावी नेते. चेक स्थलांतरितांचे हे चिमुकले गाव. १८९३ च्या उन्हाळ्यात चेक रचनाकार द्वोर्झाक सहकुटुंब इथे राहिला, गावच्या सेंट वेन्सेस्लॉस चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे, आणि इथे आल्यावर लवकरच, अवघ्या तीन दिवसांत, त्याने एफ मेजरमधल्या चौकडीचा (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचा) आराखडा पुरा केला. तो ज्या घरात राहिला तिथे आता घड्याळांचे संग्रहालय आहे. त्या चौकडीची मुख्य धून सर्वांत आधी वाजवते ती व्हायोला, आणि द्वोर्झाक तरुणपणी प्रागच्या नाट्यगृहात व्हायोलाच वाजवत असे. गाडीतून उतरून चर्चच्या पायऱ्यांवर त्या मुलाला मी पहिल्या दहा-बारा खंडांपुरती ती धून वाजवायला सांगते. आजवर त्यानंतर एकानेही व्हायोला परत आणून दिलेला नाही.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात पण काळजीने सांगते, कारण तुम्ही नाशिकहून आणि बहुधा किनाऱ्यावरच्या शहरातून येत आहात. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगते आणि खुंट्या फिरेनाशा होतात. मध्य-पश्चिमेत जानेवारीत याच्या बरोबर उलट घडते. बाहेर गोठवणारी थंडी आणि आत दिवसरात्र चालणारे हीटर, यामुळे खोलीतली हवा कोरडी ठणठणीत होते, लाकूड आकसते, खुंट्या सरकतात आणि सकाळी पेटी उघडावी तर चारही तारा सैल पडलेल्या असतात, कधी तारा उचलून धरणारी घोडीही आडवी झालेली असते. व्हायोलिनचे पोट आणि पाठ कडांना जनावरांच्या सरसाने जोडलेली असते आणि कारागीर तो सरस मुद्दाम फार घट्ट ठेवत नाहीत, म्हणजे लाकूड आकसले तर जोड उकलावा पण फळी चिरू नये. जोड उकलला तर सहज चिकटवता येतो, फळी चिरली तर वाद्याची किंमत आणि आवाज दोन्ही जातात. तेव्हा सरावाच्या खोल्यांत आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील अशी यंत्रे विभागाकडून मागून घ्या, आणि प्रत्येक मुलाच्या पेटीत ओलावा देणारी नळी आहे ना ते नोव्हेंबरमध्येच पाहा. नाताळच्या सुट्टीनंतर आणखी एक धोका असतो. महिनाभर वाद्याला हात न लावलेली मुले सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात तीन-तीन तास वाजवतात आणि मनगट दुखावून घेतात. सुट्टीनंतर पहिला आठवडा दिवसाला वीस मिनिटे, दुसऱ्यात चाळीस, असे मी लेखी देते. दुखत असताना वाजवणे म्हणजे निष्ठा अशी समजूत घेऊन काही मुले येतात, ती समजूत पहिल्या दिवशीच काढून टाकावी लागते.

परीक्षा म्हणजे सेमिस्टरअखेरची ज्युरी, दोन-तीन शिक्षकांपुढे दहा मिनिटे वादन. संगीत हा मुख्य विषय घेणाऱ्यांना तिसऱ्या वर्षी अर्ध्या तासाचे आणि चौथ्या वर्षी तासाभराचे जाहीर वादन द्यावे लागते. त्यांचे मापदंड कडकच ठेवा. दरवर्षी एखादा विद्यार्थी असा निघतो की ज्याने पुढे कॉन्झर्व्हेटरीत मास्टर्सला जावे, आणि त्याला तुम्ही क्रॉयत्झरही द्यायला हवा आणि बाखचे एकल सोनाटाही. बाकीच्यांचे गुण मी निम्मे त्या दिवशीच्या वादनावर आणि निम्मे सेमिस्टरभराच्या सरावाच्या वहीवर देते. वहीत किती वेळ वाजवले ते लिहायचे नसते, कोणती जागा अडली आणि ती कशी सोडवली ते लिहायचे असते.

तुमच्या हाताबद्दल. तो बिघडू शकतो, हे खरे आहे. पूर्णवेळ जागेला आठवड्याला साधारण १८ तास वैयक्तिक शिकवणी हा पूर्ण कार्यभार समजला जातो, त्यात वृंद, समित्या आणि जवळपासच्या शाळांत जाऊन मुले मिळवणे हे आले, आणि संध्याकाळी पाचला तुम्ही इतके थकलेले असता की पेटी उघडवत नाही. मी पहाटे सहा ते साडेसात हा वेळ १९ वर्षे कोणालाही दिलेला नाही. टेन्युअरसाठी, म्हणजे कायम नेमणुकीसाठी, सहाव्या वर्षी तुमचे काम तपासले जाते तेव्हा वादकाच्या बाबतीत मैफली याच संशोधनाच्या जागी धरल्या जातात. तेव्हा दरवर्षी एक नवा कार्यक्रम बसवणे ही चैन नाही, नोकरीचा भाग आहे, आणि मुलांनी तुम्हाला अवघड जागेशी झगडताना पाहणे हे त्यांच्या शिक्षणालाही लागते. तासिका तत्त्वावरची जागा असेल तर मात्र जपून. तिथे पैसे विद्यार्थ्यांच्या संख्येवर मिळतात, आरोग्यविमा बहुतेक वेळा नसतो, आणि एका गावच्या उत्पन्नावर संसार चालत नाही म्हणून तीन कॉलेजांच्या मध्ये गाडी चालवण्यात आठवडा जातो. तुमची जागा पूर्णवेळ आहे म्हणून मी इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

हिंदुस्तानी संगीत शिकवू का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. कनेटिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात १९६० च्या दशकापासून भारतीय संगीत शिकवले जाते आणि तिथे त्याची रीतसर परंपरा तयार झाली आहे. पण तसे पाठबळ छोट्या विभागात नसते. मुलाखतीत याचे आश्वासन देऊन बसू नका. आधी दोन वर्षे व्हायोलिन आणि व्हायोला नीट उभे करा, मग जमिनीवर बसून, खाली सोडलेल्या षड्ज-पंचमाच्या तारांवर एक छोटा वर्ग सुरू करा. मुले येतील. माझ्या वर्गात पहिल्या वर्षी तीन आली होती, त्यांतला एक भौतिकशास्त्राचा होता आणि त्याला भूपाची पाच स्वरांतली आलापी इतकी आवडली की तो उन्हाळाभर तेवढेच वाजवत राहिला.

मुलाखतीच्या दिवशी तुम्हाला स्वतःचे वादन द्यावे लागेल आणि एका अनोळखी विद्यार्थ्याला सर्वांसमोर शिकवावे लागेल. निवड समिती दुसऱ्या गोष्टीकडे जास्त लक्ष देते. त्या विद्यार्थ्याचे नाव विचारा, तो काय शिकतो ते विचारा, त्याला पूर्ण वाजवू द्या, आणि मग वीस मिनिटांत दहा गोष्टी सांगण्याऐवजी एकच निवडा, जी तो खोलीबाहेर पडताना बरोबर नेऊ शकेल. दुपारी विभागप्रमुखांशी बोलणे होईल तेव्हा तीन गोष्टी विचारून घ्या: विद्यार्थ्यांबरोबर साथ करणाऱ्या पियानोवादकाचे मानधन कॉलेज देते की मुलांच्या खिशातून जाते, विभागाच्या मालकीचे व्हायोला किती आणि त्यांच्या दुरुस्तीला वर्षाला किती रक्कम आहे, आणि शिकवणीची जादा फी ज्या मुलांना परवडत नाही त्यांच्यासाठी काय सोय आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना ते अडखळले, तर जागा स्वीकारण्याआधी त्याविषयी लेखी मागा. माझ्याकडून गेल्या १९ वर्षांत जी मुले सुटली, त्यांतली निम्म्याहून अधिक त्या फीमुळे सुटली.